भंडारदरा जलाशयाची फेरी: गाडी, तंबू आणि सायकल

तळ्याकाठी
ठाण्याहून चार जण, एक हॅचबॅक, तीन सायकली (दोन हायब्रिड, एक साधी लोखंडी एमटीबी म्हणजे माउंटन बाइक). डिसेंबरचा तिसरा शनिवार-रविवार. धरणाजवळच्या शेंडी गावात गाडी लावून जलाशयाभोवतीची फेरी सायकलने, एक रात्र तंबूत, असा बेत आहे. प्रश्न असे: १) फेरी कुठल्या दिशेने मारावी? २) तंबू कुठे? ३) तीन सायकली मागच्या कॅरिअरवर न्याव्यात का? ४) तंबू आहे तो साधा तीन-चार हजारांतला, चालेल का? जाणकारांनी कृपया सांगावे.

घाटवळण
आधी रस्ता. ठाण्याहून कसारा घाट, इगतपुरी, घोटी. तिथे महामार्ग सोडून बारीमार्गे शेंडी. एकूण साधारण दीडशे किमी. शेवटचे तीसेक किमी वळणांचे आहेत, त्यामुळे 'दीडशेच तर आहे' म्हणून नऊला निघू नका. पाचला निघालात तर नाश्ता घोटीत आणि साडेनऊ-दहापर्यंत सायकली जमिनीवर. ५ जून २०२५ पासून समृद्धी महामार्गाचा आमणे ते इगतपुरी टप्पाही खुला आहे. कसाऱ्यातले ट्रक टळतात, पण टोल पडतो. सोबत कुणी बाइकवर येणार असेल तर लक्षात ठेवा, समृद्धीवर दुचाकी चालत नाही.

पुण्याहून येणाऱ्यांनी आळेफाट्यावरून पुढे संगमनेर-अकोले-राजूर धरावं. बोट्यावरून ब्राह्मणवाडा-कोतूळ-राजूर हाही रस्ता आहे, अंतर कमी पण अरुंद. मागे सायकली लटकवून रात्री त्या रस्त्याला जाऊ नये.

पेट्रोल आणि रोख रक्कम दोन्ही घोटीत (किंवा राजूरला) घ्या. फेरीवर यूपीआय चालेल या भरवशावर राहू नका. फेरीवरच्या घाटघर-साम्रद गावांकडे रेंज येते-जाते, नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा.

चाकमाप
दिशेबद्दल. शेंडी जलाशयाच्या पूर्व टोकाला आहे. तिथून दोन पर्याय:

उत्तरेकडून: शेंडी – मुरशेत – पांजरे – उडदावणे – घाटघर – साम्रद – रतनवाडी – कोलटेंभे – मुतखेल – धरण – शेंडी.
दक्षिणेकडून: हेच उलटं.

सायकलवाल्यांनी उत्तरेकडून जावं. कारण साधं आहे, आपण डावीकडून चालतो आणि या दिशेने पाणीही डाव्या हाताला राहतं. फोटोला थांबायचं तर रस्ता ओलांडावा लागत नाही. शनिवारी दुपारी पर्यटकांच्या गाड्या वळणावर कशा येतात ते पाहिलेल्याला याचं महत्त्व कळेल. काजव्यांच्या दिवसांत (मे अखेर ते जूनचा पहिला पंधरवडा) गर्दीच्या रात्री एकेरी वाहतूक लावतात, तेव्हा मात्र फलक सांगेल तीच दिशा.

फेरी साधारण ४५ ते ५० किमी. घाटघरच्या कोकणकड्यापर्यंत आत गेलात तर वर आणखी थोडे. आकडा पाहून सपाट समजू नका. रस्ता कुठेच फार उंच चढत नाही, पण सलग सपाटही राहत नाही. प्रत्येक ओढ्याला उतरतो आणि पलीकडे चढतो. सगळा दम या छोट्या चढांतच जातो. हायब्रिडला पुढे २८ किंवा ३० दात्यांची लहान चकती आणि मागे २८ ते ३४ दात्यांची मोठी चकती असेल तर बसूनच चढाल. सिंगल स्पीडवाल्याने निम्म्या चढांवर सायकल ढकलायची तयारी ठेवावी.

ओली_माती
तंबूच्या जागेबद्दल बोलण्याआधी पाण्याचं गणित समजून घ्या, नाहीतर फोटोत दिसलेली जागा प्रत्यक्षात सापडत नाही.

हे धरण सिंचनाचं आहे. प्रवरेवर दगडी बांधकामात १९२६ साली पूर्ण झालं, साठवण ११,०३९ दशलक्ष घनफूट. नेहमीच्या पावसात ते ऑगस्टच्या मध्याला भरतं. पुढे शेतीची आवर्तनं सुटतात तसं पाणी खाली निळवंडे धरणात आणि तिथून कालव्यांना जातं. म्हणजे ऑक्टोबरमध्ये पाणी झाडांच्या बुंध्यापर्यंत, डिसेंबरात थोडं मागे सरकलेलं, आणि मे महिन्यात काठ पार दूर गेलेला. मधे उरतो तो गाळाचा पट्टा.

हा पट्टाच घात करतो. वरून वाळून भेगा पडलेल्या असतात, माणूस चालतो तेव्हा काही होत नाही. गाडीचं पुढचं चाक मात्र पापुद्रा फोडून आत जातं आणि खाली लोणी. गाडी रुतली तर रेस देऊ नका. चाक फिरलं की खड्डा खोल होतो आणि गाडीचं पोट टेकतं. पोट टेकल्यावर ट्रॅक्टरशिवाय इलाज नाही. त्याआधी करायचं ते असं: सगळे उतरा, सामान काढा, ओढणाऱ्या चाकांची हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवा, चाकासमोरचा चिखल हाताने किंवा ताटलीने काढा, पायपुसण्या उलट्या (रबरी काटे वर) करून चाकाखाली सरकवा आणि आल्या मार्गाने रिव्हर्समध्ये, क्लच हळू सोडत बाहेर या. नंतर हवा भरायला पंप लागतोच. तो नसेल तर हवा उतरवायच्या भानगडीत पडू नका. सगळ्यात सोपं म्हणजे गाडी गवत किंवा मुरूम संपेल तिथेच थांबवावी.

तंबूवाला
ओली_माती यांना अनुमोदन. जागेसाठी माझा कौल पांजरे-मुरशेतच्या बाजूला. काठ उघडा, समोर पाणी, मागे कळसूबाईची रांग (शिखर १६४६ मी.). गावकऱ्यांच्या स्वतःच्या जमिनींवर तळ आहेत, संडासाची सोय असते आणि सांगितलं तर जेवणही मिळतं.

तंबू पाण्याला चिकटवू नका. काठापासून पन्नास-शंभर पावलं मागे आणि दोन-तीन मीटर तरी वर. डिसेंबरात थंड हवा उतारावरून सरकत काठावर साचते, त्यात पाण्याची वाफ मिसळते. पहाटे दहिवर असं पडतं की पाऊस झाला वाटावं. तंबू आतून ओला होतो तो गळतीने नव्हे, आपल्याच श्वासाच्या वाफेने. लोक थंडी वाजते म्हणून सगळ्या चेन गच्च लावतात आणि सकाळी 'तंबू गळका निघाला' म्हणून दुकानदाराला शिव्या घालतात. वरची जाळी उघडी ठेवा, बाहेरचं आवरण खालून चार बोटं मोकळं राहील असं ताणा, आणि आतलं कापड बाहेरच्याला कुठे टेकत नाही ना ते पाहा.

तीन-चार हजारांच्या तंबूत तीन ठिकाणी अडचण येते:

खुंट्या. सोबत येणाऱ्या तारेच्या खुंट्या इथल्या मुरमात वाकतात. हार्डवेअरच्या दुकानातून आठ इंची लोखंडी खिळे घ्या, तंबूला ८ आणि दोऱ्यांना ४, वर दोन जास्तीचे. जमीन इतकी कडक असेल की खिळाही जाणार नाही, तर दोरी काटकीला बांधून काटकीवर मोठा दगड ठेवा. थेट दगडाला गाठ मारलेली दोरी दगडाच्या धारेवर घासून तुटते.

तळ. खालून जादा ताडपत्री टाकाच, पण ती तंबूपेक्षा चारी बाजूंनी दोन-तीन इंच लहान दुमडा. बाहेर डोकावली तर वरून ओघळलेलं दहिवर तिच्यावर साठून बरोबर तुमच्या पाठीखाली येतं.

दांडे. फायबरचे दांडे जोडावर चिरतात. एक दांडा चिरला की तंबू रात्रभर तोंडावर. पाच इंच लांब पीव्हीसी किंवा ॲल्युमिनियमची नळी, दांड्यापेक्षा किंचित मोठ्या व्यासाची, आणि चिकटपट्टी सोबत ठेवा. चिरलेल्या भागावर नळी सरकवून दोन्ही टोकांना पट्टी गुंडाळायची.

स्लीपिंग बॅगवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं तापमान बहुधा 'जीव वाचेल' असं असतं, 'झोप लागेल' असं नव्हे. कम्फर्ट आकडा ५ अंशांच्या आसपास असलेली घ्या. खाली मॅट हवीच, पाठीला थंडी जमिनीतून लागते आणि दबलेली बॅग तिथे काही कामाची नसते.

प्रवराकाठ
तंबूवाला, पांजरे ठीक, पण रतनवाडीला कमी लेखू नका. अमृतेश्वराचं कोरीव देऊळ आणि पुष्करणी सकाळी सातला, पर्यटक यायच्या आत पाहायची तर मुक्काम तिथेच हवा. वर रतनगड, समोर पाणी पूर्वेला, म्हणजे सूर्योदय थेट जलाशयावर. शेंडी-मुरशेतच्या बाजूला मावळतीचा उजेड मिळतो, रतनवाडीला उगवतीचा. ज्याला जे हवं ते.

दुसरं, हा सगळा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. नाक्यावर शुल्क घेतात, पावती मागून घ्या आणि जपून ठेवा. 'मोकळी जागा दिसली, ठोकला तंबू' असं इथे चालत नाही. एक तर ती वनखात्याची, नाहीतर कुणाच्या तरी भाताच्या खाचराची. गावात विचारा, घरगुती तळावर उतरा, पैसे गावात जाऊ द्या. स्पीकर आणि दारू घेऊन येणाऱ्यांमुळे गावकरी वैतागले आहेत, त्याचा राग उगाच सायकलवाल्यांवर निघायला नको.

टिकाऊ_टायर
आता कॅरिअर. तीन सायकली, त्यात एक लोखंडी एमटीबी. हॅचबॅकच्या डिकीला पट्ट्यांनी बांधायच्या बहुतेक कॅरिअरची मर्यादा एका सायकलला १५ किलो आणि एकूण ४५ किलोच्या आत असते. नेमका आकडा त्याच्या पट्टीवर छापलेला असतो, तो वाचा. साधी लोखंडी एमटीबी १७-१८ किलो भरते. दोन हायब्रिड (१३-१४ किलो) धरल्या तर एकूण भार मर्यादेच्या काठावर, आणि खड्ड्यात आदळताना कॅरिअरला त्याहून बरंच जास्त सोसावं लागतं. माझं मत: दोनच न्या. चौघांपैकी एकाला गाडी चालवायचीच आहे, एक जण सोबत बसेल. घाटघरला अदलाबदल करा.

बांधताना:
– पट्ट्यांचे आकडे (हुक) पत्र्याच्या काठावरच बसवा. काचेच्या किंवा प्लास्टिक स्पॉयलरच्या कडेला लावले तर कड तुटते.
– जड सायकल गाडीच्या बाजूला, हलकी बाहेर.
– आतल्या बाजूची पेडल काढा, नाहीतर रंग खरवडतात. डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं. जोर लावून उजव्यासारखं फिरवलंत तर आणखी घट्ट होतं.
– पुढचं चाक फ्रेमला बांधा, नाहीतर हँडल वाऱ्याने फिरून डिकीवर आपटतं.
– टायर सायलेन्सरच्या तोंडासमोर येत नाही ना ते बघा. तासाभराच्या गरम हवेने ट्यूब फुटते. ही चूक फार जण करतात आणि पंक्चर 'आपोआप' झालं म्हणतात.
– नंबरप्लेट किंवा मागचे दिवे झाकले गेले तर दंड होऊ शकतो, आणि घाटात मागच्याला ब्रेक लागलेला कळत नाही.
– वीस-पंचवीस किमीवर थांबून पट्ट्या पुन्हा ओढा. नव्या पट्ट्या पहिल्या तासात हमखास सैल पडतात.

चाक काढून सायकल गाडीत आडवी घालत असाल तर चेनची बाजू वर. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असेल तर पॅडच्या फटीत जाड पुठ्ठ्याची घडी खुपसा. चाक नसताना कुणाचा हात लिव्हरवर पडला की पिस्टन आत येतात आणि मग डिस्क आतच जात नाही. तसं झालंच तर पॅड काढून रुंद पात्याच्या स्क्रू ड्रायव्हरने, कापड गुंडाळून, पिस्टन अलगद मागे रेटायचे.

चाकमाप
टिकाऊ_टायर, पेडलची टीप सोन्यासारखी. त्यात भर म्हणून सायकलीसोबत न्यायचं सामान: प्रत्येक मापाच्या दोन ट्यूब, पॅच आणि सोल्यूशन (उघडलेली सोल्यूशनची नळी महिन्या-दोन महिन्यांत आतच वाळते, नवीच घ्या), तीन टायर लिव्हर, छोटा पंप, मल्टिटूल, तुमच्या गिअरसंख्येची क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी), गिअर हँगर (मागचा गिअर फ्रेमला धरून ठेवणारा तुकडा) आणि दहा-बारा झिप टाय. हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, आयत्या वेळी घोटीतच काय, नाशकातही मिळेल याची खात्री नाही. आणि गाडीत सायकलवर सामान रचलं की वाकतो तो हाच.

हायब्रिडला बारीक प्रेस्टा वॉल्व्ह असेल तर पितळी ॲडॉप्टर खिशात ठेवा. गावातल्या पंक्चरवाल्याकडे कॉम्प्रेसर असतो, पण त्याचं तोंड स्कूटरच्या वॉल्व्हचं.

हवा: ७०० × ३५ टायर आणि सत्तर किलोचा माणूस असेल तर पुढे ५०, मागे ६० पीएसआय पुरे. टायरवर छापलेला कमाल आकडा भरू नका. पावसाळ्यानंतर कडा तुटलेल्या डांबरावर टणक टायर उडतो, पकड जाते आणि मनगटं दुखतात. एमटीबीच्या २.१ इंची टायरला ३०-३५. २५ किंवा २८ चे रोडबाइक टायर घेऊन येऊच नका, खड्ड्याच्या काठावर ट्यूब चिमटून दोन समांतर छिद्रं पडतात.

उतारावर, विशेषतः सावलीतल्या वळणांवर, शेवाळ आणि वाळू दोन्ही भेटतात. ब्रेक वळणाआधी, वळणात नाही.

नाचणीभाकर
खाण्याचं कुणी बोललंच नाही अजून :)

सकाळी शेंडीत पोहे-भजी. दुपारचं जेवण घाटघर किंवा साम्रदला हवं असेल तर गावात आधी फोन करून ठेवा. अचानक गेलात तर चूल पेटवून भाकरी होईपर्यंत दीड तास मोडतो. नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा. तांदूळ विकत मिळाला तर अकोले तालुक्यातला काळभात घ्या, वासाचा असतो.

तळावर स्वतः रांधणार असाल तर: २३० ग्रॅमचा ब्यूटेनचा डबा चार माणसांच्या रात्रीचा चहा, खिचडी आणि सकाळचा चहा एवढ्याला पुरतो, तरी दुसरा सोबत असावा. ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचा थांबतो. थंडीत डबा वापरताना स्वतःच आणखी गार होतो, म्हणून पहाटे ज्योत मिणमिणते. रात्री डबा कपड्यांत गुंडाळून ठेवा, पेटवण्याआधी तळहातात धरा. विस्तवाजवळ नेऊन 'शेकवू' नका. आणि वारा अडवायला शेगडीभोवती चारी बाजूंनी पत्रा लावू नका, डबा तापून फुटतो. एक बाजू उघडी हवी. तंबूच्या आत शेगडी किंवा निखाऱ्यांची पाटी कधीही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेला माणूस उठत नाही.

पाणी: चौघांना सायकलिंगला माणशी तीन लिटर, शिवाय रांधायला-प्यायला वीस लिटरचा एक कॅन.

तळ्याकाठी
सगळ्यांचे आभार, दोनच सायकली नेतो. शेकोटी करता येते का? आणि गाडीने सायकलींच्या मागे मागे यायचं की पुढे जाऊन थांबायचं?

प्रवराकाठ
अभयारण्यात उघड्यावर जाळ करायला मनाई आहे. तळमालकाने त्याच्या जमिनीत ठरवलेला खड्डा असेल आणि तो हो म्हणाला तरच. लाकूड जंगलातून तोडून आणू नका. डिसेंबरात गवत वाळलेलं असतं, वाऱ्याने एक ठिणगी पुरते. झोपण्याआधी बादलीभर पाणी ओतून, राख ढवळून, पुन्हा ओता. राखेवर हाताचा मागचा भाग धरून ऊब लागत नाही तोवर विझलं म्हणू नये.

रात्री खरकटं आणि चिकन तंबूत ठेवू नका, गाडीत बंद करा. कुत्री येतातच, आणि या पट्ट्यात बिबट्याही आहे. बूट तंबूच्या आत, सकाळी झटकून घालायचे.

घाटवळण
गाडी मागे मागे नको. मागची वाहनं तुंबतात आणि मग वळणावर ओव्हरटेक करतात. पुढे जाऊन ठरलेल्या जागी थांबा: पांजरे, घाटघर फाटा, साम्रद, रतनवाडीचं देऊळ. रेंज नसल्याने वेळ आधी ठरवा. उदाहरणार्थ, ठरल्या वेळेनंतर ४० मिनिटं वाट पाहून गाडीने उलटं यायचं. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो आणि डोंगराआड त्याआधीच जातो. साम्रद सोडायला साडेतीनपेक्षा उशीर झाला तर सायकली गाडीवर चढवा आणि उरलेली फेरी दुसऱ्या दिवशी सकाळी करा. दिवे असले तरी. खड्डे दिव्यात उशिरा दिसतात.

साम्रदला सांदण दरी आहे म्हणून 'तेही उरकू' असं करू नका. त्याला स्वतंत्र दिवस लागतो, आणि क्लीटच्या (पेडलमध्ये अडकणाऱ्या) बुटांनी त्या दगडांवर पाय टाकणं म्हणजे घोटा मुरगळून घेणं.

ओली_माती
घाटघरबद्दल एक महत्त्वाचं. तिथे दिसणारं पाणी भंडारदऱ्याचं बॅकवॉटर नाही. तो २५० मेगावॉटच्या घाटघर उदंचन प्रकल्पाचा वरचा जलाशय आहे. गरज असेल तेव्हा पाणी खाली कोकणाच्या बाजूच्या जलाशयात सोडून वीज करतात आणि नंतर तेच वर उपसतात. म्हणजे पातळी एका दिवसात वर-खाली होते. काठ कोरडा दिसला म्हणून तिथे बसणं, पोहणं, तंबू टाकणं काहीच करू नये.

मुख्य जलाशयातही पोहू नका. काठाचा उतार एकसारखा नाही, जुन्या ओढ्यांची पात्रं आणि शेतांचे बांध पाण्याखाली आहेत. गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल थेट डोक्यावर जाऊ शकतं, आणि पाय गाळात अडकतो तो वेगळाच. बोटीत बसलात तर लाइफ जॅकेट अंगात, सीटखाली नाही.

भांडी काठावर साबणाने घासू नका, पाणी बादलीत आणून लांब घासा.

टिकाऊ_टायर
पावसाळ्यात हाच बेत करणाऱ्यांसाठी: घाटघर-रतनवाडी पट्टा नगर जिल्ह्यातला सर्वाधिक पावसाचा. घाटघरला जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात ते उगाच नाही. जुलै-ऑगस्टमध्ये तंबू विसरा, छप्पर असलेली खोली घ्या. सायकलचे ब्रेक पॅड ओल्या चिखलात एका फेरीत अर्धे होतात, जोडी सोबत ठेवा. फेरीनंतर चेन पुसून तेल घातलं नाही तर सोमवारपर्यंत तांबूस.

प्रवराकाठ
काही झालंच तर राजूरला ग्रामीण रुग्णालय आहे, रुग्णवाहिकेसाठी १०८. फेरीवर रेंज नसेल तिथे जवळच्या गावातल्या माणसाला गाठा, कुठल्या टेकाडावर फोन लागतो ते त्याला ठाऊक असतं. तळमालकाचा नंबर चौघांच्याही फोनमध्ये हवा, एकाच्याच नको.

तळ्याकाठी
नोंद घेतली. पांजऱ्याला मुक्काम, रविवारी पहाटे गाडीने रतनवाडी असं ठरवतोय. खिळे आजच आणतो.

तंबूवाला
खिळ्यांसोबत हातोडीही आणा. दगडाने ठोकले की डोकं वाकतं, आणि सकाळी निघत नाहीत ते त्यामुळेच. काढताना दुसऱ्या खिळ्याचा आकडा करून ओढा, दोरीला धरून नको.